ताओ हाऊस, डॅनविल: युजीन ओनीलच्या घराची टूर करून आलो

कॅलिफोर्नियात बे एरियातल्या सॅन रमोन, डब्लिन, प्लेझंटन ह्या पट्ट्यात आपली एवढी मराठी माणसं राहतात, मंडळाचं नाटक असलं की हॉल भरतो, आणि ह्याच पट्ट्यात ६८० हायवेपासून अगदी जवळ डोंगरावर ते घर आहे जिथे बसून अमेरिकन नाटककार युजीन ओनीलने त्याची सगळ्यात मोठी नाटकं लिहिली, आणि मला इथे अकरा वर्षं झाली तरी मी तिथे गेलो नव्हतो. आता दोनदा जाऊन आलोय. ज्यांना नाटक आवडतं, आणि खास करून जे घरच्या माणसांवर काहीतरी लिहायचं म्हणतात, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आधी कामाचं सांगतो. नॅशनल पार्क सर्व्हिसची जागा आहे, तिकीट नाही, शटल पण फुकट. स्वतःची गाडी वर नेता येत नाही, रस्ता खासगी आहे आणि मधे गेट लागतं, म्हणून खाली डॅनविल गावात जुन्या रेल्वे स्टेशनात जे म्युझियम आहे तिथे जमायचं आणि तिथून त्यांची छोटी बस वर नेते. गाइडेड टूरला आधी बुकिंग लागतं, वार आणि वेळा त्यांच्या वेबसाईटवर बघूनच निघा. सप्टेंबरमधे ओनील फेस्टिव्हल असतो तेव्हा घराशेजारच्या जुन्या लाकडी बार्नमधे नाटकं होतात. पाण्याची बाटली न्या, उन्हाळ्यात वर चांगलंच तापतं.

मी का गेलो ते सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मी गेल्या वर्षी मंडळासाठी एक एकांकिका लिहिली, आमच्या सांगलीच्या घरावर, बाबांच्या शेवटच्या वर्षावर. बाबा एसटीत क्लार्क होते. प्रयोग चांगला झाला, लोकांचे डोळे भरून आले, मी व्हिडिओ ताईला पाठवला. दोन दिवस तिचा काही मेसेज नाही. मग फोनवर म्हणाली, "छान लिहिलंयस रे. पण मी कुठे आहे त्यात?" आणि ती खरंच कुठे नव्हती. बाबांचं सगळं दुखणं तिने काढलं होतं, डायलिसिसला तीच न्यायची, आणि मी नाटकात दोन भाऊ दाखवले होते, एक अमेरिकेतला आणि एक सांगलीतला, कारण दोन भावांचं भांडण स्टेजवर जास्त रंगेल असं मला वाटलं. मला काही उत्तरच सुचलं नाही. तेव्हापासून नाटककार घरातलं काय उचलतात आणि काय गाळतात ह्याच नजरेने वाचायला लागलो, आणि असं वाचता वाचता ओनीलपर्यंत आलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १८८८, न्यूयॉर्कमधे ब्रॉडवेवरच्या एका हॉटेलच्या खोलीत. वडील जेम्स ओनील, आयर्लंडहून आलेले, गरिबीतून वर आलेले नट. त्यांना 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'चा रोल मिळाला आणि तो इतका चालला की त्यांनी नाटकाचे हक्कच विकत घेतले आणि हजारो प्रयोग केले, वर्षानुवर्षं तेच, आज हे गाव उद्या ते गाव. आई एला बरोबर फिरायची. त्यामुळे ओनीलचं लहानपण हॉटेलात आणि ट्रेनमधे, आणि सातव्या वर्षी बोर्डिंग स्कूल. आपल्याला घर आणि नाटक म्हटलं की 'वाडा चिरेबंदी' आठवतं, एलकुंचवार स्वतः विदर्भातल्या पारव्याच्या जमीनदार घरातले, पण तिथे पडका का होईना वाडा आहे, पिढ्यांचा आहे. ओनीलकडे पडायलासुद्धा घर नव्हतं. कनेटिकटमधल्या न्यू लंडनला समुद्राकाठी उन्हाळ्यापुरतं एक होतं, मॉन्टे क्रिस्टो कॉटेज म्हणतात त्याला, आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं नाटक त्याने त्याच घरात घडवलंय.

आता ताओ हाऊस. १९३६ मधे नोबेल मिळालं, त्या पैशातून ही १५८ एकर जागा घेऊन घर बांधलं, १९३७ च्या शेवटी तो आणि त्याची तिसरी बायको कार्लोटा इथे राहायला आले. बाहेरून घर स्पॅनिश, जाड पांढऱ्या भिंती, आतून सगळं चिनी. गेटवर चिनी अक्षरं आहेत. गेटातून दारापर्यंतची विटांची वाट सरळ जात नाही, काटकोनात वळत वळत जाते, कारण वाईट शक्ती सरळ रेषेत चालतात अशी समजूत. मी त्या वाटेवर थांबलो जरा वेळ. ज्या माणसाने मेलेले आईबाप, भाऊ सगळे नाटकातून ह्याच घरात बोलावून घेतले त्याच्या दारासमोर ही वाट आहे.

समोर माउंट डायब्लो दिसतो, अख्खा. आपण रोज ट्रॅफिकमधे अडकून तोच डोंगर बघतो पण तिथून तो वेगळाच दिसतो. आत गेल्यावर गार, अंधारं, शांत. गडद निळी छतं, काळोख्या आरशांमधे आपलंच तोंड ओळखू येत नाही. ओनीलचा पलंग म्हणजे जुना चिनी अफूचा पलंग आहे, कोरीवकाम केलेला. रेंजरने हे सांगितलं तेव्हा सगळे ओह म्हणाले आणि पुढे गेले, मी मात्र तिथेच अडकलो, कारण त्याची आई मॉर्फिनच्या व्यसनात होती, पंचवीसेक वर्षं, आणि सुरुवात ह्याच्या जन्माच्या वेळी झाली. बाळंतपण जड गेलं, डॉक्टरने मॉर्फिन दिलं, ते सुटलंच नाही. म्हणजे तुमच्या जन्मामुळे तुमची आई गेली, जिवंत असून गेली, हे ओझं घेऊन पोरगं वाढलं. चौदा-पंधरा वर्षांचा असताना त्याला हे कळलं, कसं तर औषध संपलं म्हणून एका रात्री आई घरातल्या कपड्यांवरच नदीकडे धावत सुटली जीव द्यायला. त्याच्याही आधी एक बाळ गेलं होतं, एडमंड, गोवराने. मोठा भाऊ जेमी दारूत बुडालेला.

वरच्या मजल्यावर, एकामागून एक दारं ओलांडून गेल्यावर त्याची लिहायची खोली आहे. मला सगळ्यात आवडली ती ही दारांची रांग, एक दार, मधे जागा, मग दुसरं, आणि ती लिहिताना बंद असायची. आत जहाजाच्या केबिनसारखं वाटतं, लाकडी तुळया, जहाजाची मॉडेल्स, तरुणपणी तो खलाशी होता ना. दोन टेबलं. पेन्सिलने लिहायचा, अक्षर मुंगीएवढं, कार्लोटा भिंग घेऊन टाइप करायची. हाताला कंप होता आणि तो वाढत चालला होता, आणि डिक्टेट करून त्याला लिहिता येत नव्हतं, पेन्सिल हातात असल्याशिवाय सुचायचंच नाही. त्यामुळे इथे जी काय चार-पाच वर्षं मिळाली तेवढीच शेवटची. त्यात 'द आइसमन कमेथ', 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट', 'ह्यूई' आणि 'अ मून फॉर द मिसबिगॉटन'. आधी तो अकरा नाटकांची मोठी मालिका लिहीत होता, एका अमेरिकन कुटुंबाच्या पिढ्यान्‌पिढ्यांवर, आणि १९३९ च्या जूनमधे ती बाजूला ठेवून तो स्वतःच्या आठवणीतल्या माणसांकडे वळला. माझ्या मते हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात बरोबर निर्णय. पिढ्यांचा इतिहास दुसऱ्या कोणीही लिहिला असता, त्या उन्हाळी घरातली एक रात्र दुसऱ्या कोणाला लिहिता आली नसती.

'लाँग डेज जर्नी'त ऑगस्ट १९१२ मधला एकच दिवस आहे, सकाळच्या नाश्त्यापासून मध्यरात्रीपर्यंत. बाप, आई, दोन मुलगे. धाकट्याला टीबी झालाय, आई पुन्हा मॉर्फिनकडे वळलीय आणि घरातले तिघे पुरुष दिवसभर ते कळून न कळल्यासारखं करतात. शेवटच्या अंकात रात्री बाप एकटाच पत्ते मांडून बसलाय. मुलगा हॉलमधला दिवा चालू ठेवून येतो आणि बाप म्हणतो, तो दिवा बंद कर. एवढ्यावरून भांडण. बाप चिडून उठतो आणि झुंबराचे एकेक दिवे लावत सुटतो, घ्या, लागू दे बिल. मग पुढे बोलता बोलता तो सांगायला लागतो, दहाव्या वर्षी वडील सोडून गेले, आठवड्याला पन्नास सेंटवर कारखान्यात बारा-बारा तास काम केलं, डॉलरची किंमत तिथे शिकलो. आणि मग ज्याची खरी लाज वाटते तेही सांगतो, की एडविन बूथसारख्या थोर नटाने एकेकाळी माझं कौतुक केलं होतं, आणि मी तो हमखास पैसे देणारा एकच रोल धरून बसलो आणि माझ्यातला नट संपवला. बोलून झाल्यावर हळूच विचारतो, आता हे दिवे बंद केले तर चालेल ना?

मी हे पहिल्यांदा रात्री किचनमधे बसून वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. आमचे बाबा रात्री साडेनऊला सगळ्या घरातून फिरायचे, खट्‌, खट्‌, खट्‌. आम्ही अभ्यास करत असलो तरी दोघांत एक ट्यूब. इंजिनिअरिंगला असताना मी एकदा त्यांना ओरडून बोललो होतो, ट्यूबवरूनच, आणि ते काही न बोलता आतल्या खोलीत जाऊन अंधारात बसले. माझ्या एकांकिकेत हे आहे. पण माझ्या एकांकिकेत बाप कंजूष आहे आणि लोक हसतात. बाप असा का झाला ते मी लिहिलंच नाही, खरं म्हणजे बाबांना कधी विचारलंच नव्हतं. ओनीलने बापाला बोलू दिलंय. खऱ्या आयुष्यात ओनीलला टीबी झाला तेव्हा बापाने आधी सरकारी सॅनिटोरियममधे पाठवलं होतं, स्वस्तातल्या, दोनच दिवसांत तिथून निघून मग गेलॉर्ड फार्म ह्या दुसऱ्या सॅनिटोरियममधे गेला आणि तिथेच ठरवलं की आपण नाटकं लिहायची. हा राग किती वर्षं आत राहिला असेल. आणि तरी तो सीन वाचल्यावर आपण बापाच्या बाजूने असतो.

पण मी मगाशी म्हटलं तसं मला गाळलेलं शोधायचं होतं, आणि तिथे मात्र गोष्ट अवघड होते. नाटकातल्या धाकट्या मुलाचं नाव एडमंड, आणि लहानपणी गेलेल्या बाळाचं नाव युजीन. म्हणजे मेलेल्या भावाचं नाव स्वतःला घेतलं आणि स्वतःचं नाव मेलेल्या बाळाला दिलं. हे वाचून कोणालाही कळेल की हा मुलगा आपण जन्मलोच नसतो तर बरं असं मानत जगलाय. हे नाटककाराने केलेलं सगळ्यात धाडसी काम आहे असं मी म्हणीन, दोन नावांची अदलाबदल, बस्स.

दुसरं, आई. खरी एला १९१४ मधे बरी झाली, व्यसनातून पूर्ण सुटली आणि पुढची काही वर्षं चांगली जगली. नाटकात ह्याची चाहूलसुद्धा नाही. त्याने मुद्दाम असा दिवस निवडला ज्या दिवशी कोणालाच आशा नाही. नाटक म्हणून हे योग्यच आहे, पण जे लोक नाटक वाचून त्याचं चरित्र कळलं म्हणतात त्यांनी हे लक्षात ठेवावं, त्या बाईने जे कमावलं ते मुलाच्या नाटकात आलेलं नाही आणि जगाच्या डोक्यात ती कायम शेवटच्या सीनमधली, लग्नाचा झगा ओढत धुक्यात हरवलेली बाई राहिली.

तिसरं मला घरी आल्यावर जास्त लागलं. १९१२ च्या त्या उन्हाळ्यात खऱ्या युजीनचं लग्न झालेलं होतं, कॅथलीन जेन्किन्स नावाच्या मुलीशी, घटस्फोट चालू होता, आणि दोन वर्षांचा मुलगा होता. मुलगा! नाटकातल्या एडमंडला बायको नाही, मूल नाही. चार माणसांचं घर चारच राहावं म्हणून पुसून टाकले दोघांना. तो मुलगा, युजीन ज्युनियर, बापाला पहिल्यांदा नीट भेटला तोच अकरा-बारा वर्षांचा असताना.

कार्लोटाला लग्नाच्या बाराव्या वाढदिवसाला, २२ जुलै १९४१ ला, त्याने हे हस्तलिखित दिलं आणि त्यावर लिहिलं की तुझ्या प्रेमामुळे मी माझ्या मेलेल्या माणसांना सामोरा जाऊ शकलो आणि नाटकातल्या चौघांना समजून घेऊन, क्षमा करून लिहू शकलो. कार्लोटाने नंतर सांगितलंय की तो त्या खोलीतून बाहेर यायचा तेव्हा डोळे लाल, रडून रडून, दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा. ह्यात खोटं काही नाही, नाटकाच्या पानापानात ते दिसतं. आणि ह्याच घरात राहत असताना दोन वर्षांत, १९४३ मधे, मुलगी ऊना हिने अठराव्या वर्षी चार्ली चॅप्लिनशी लग्न केलं आणि ह्याने तिला तोडलं ते कायमचं. चॅप्लिन वयाने ओनीलहून जेमतेम सहा महिन्यांनी लहान, बाप म्हणून राग येणं मी समजू शकतो, पण पुढची दहा वर्षं एकदाही भेट नाही, बोलणं नाही. मृत्युपत्रात ऊना आणि दुसरा मुलगा शेन, दोघांना नाव घेऊन वगळलंय. शेनला पुढे हेरॉइनचं व्यसन लागलं, म्हणजे आजीचंच दुखणं. थोरल्या मुलाने, युजीन ज्युनियरने, १९५० मधे आत्महत्या केली, शेनने १९७७ मधे.

मागच्या अंगणात कुत्र्याची समाधी आहे. ब्लेमी, डाल्मेशियन, डिसेंबर १९४० मधे गेला. दगडावर लिहिलंय, शांत झोप, इमानी मित्रा. त्या कुत्र्याच्या नावाने ओनीलने एक सुंदर मृत्युपत्र लिहिलंय, कुत्राच मालकांना धीर देतोय अशा सुरात, मी ते तिथे उभं राहून फोनवर वाचलं. त्यात जी माया आहे ती बघून मला वाईट वाटलं आणि रागही आला. ती दारांची रांग मगाशी मला आवडली होती. खाली उतरताना मी ती पुन्हा बघितली आणि वाटलं, एवढी दारं लावून घेतली म्हणून मेलेली तीन माणसं आत आली, आणि त्याच दारांमुळे जिवंत तीन पोरं बाहेर राहिली. मेलेला बाप उलट बोलत नाही, त्याला क्षमा करता येते. अठरा वर्षांची पोरगी उलट बोलते. ज्याला लहानपणी घर नव्हतं त्याने मोठेपणी घर बांधलं ते लिहिण्यासाठी, त्यात पोरांची खोली कशी असते हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. पटो न पटो, मला त्याचं काम आणि त्याचं वागणं एकाच मुळापासून आलेलं दिसतं.

बापाचं नाव, आईचं व्यसन उघड्यावर येईल म्हणून त्याने ते नाटक आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षं छापायचं नाही असं ठरवलं होतं. तो १९५३ मधे बॉस्टनला गेला, पुन्हा हॉटेलच्याच खोलीत. कार्लोटाने तीन वर्षांत ते बाहेर काढलं, पहिला प्रयोग १९५६ मधे स्टॉकहोमला झाला, १९५७ मधे पुलित्झर. तिने शब्द मोडला म्हणून नावं ठेवणारे आहेत, मी नाही ठेवणार, मला ते वाचायला मिळालं.

टूरबद्दल एवढंच की रेंजर बाईंनी घाई केली नाही, अभ्यासू होत्या, आमच्या ग्रुपमधे आठ-दहाच जण होते आणि लिहायच्या खोलीत त्यांनी आम्हाला काही वेळ नुसतं गप्प उभं राहू दिलं. सगळं सामान मूळचं नाहीये हे लक्षात ठेवून जा, १९४४ मधे त्यांनी घर विकलं, लढाईमुळे नोकर राहिले नव्हते, ड्रायव्हर सैन्यात गेला, दोघांनाही गाडी चालवता येत नव्हती, आणि त्यानंतर बऱ्याच वस्तू शोधून परत आणल्यात किंवा तशाच दुसऱ्या मांडल्यात. लहान मुलांना कंटाळा येईल. नाटक वाचून जा, निदान चौथा अंक, नाहीतर चिनी फर्निचरचं एक छान घर बघितलं एवढंच होईल. माझ्याकडून पाचपैकी पाच.

दुसऱ्यांदा गेलो ते ताईला घेऊन. उन्हाळ्यात ती पहिल्यांदाच इथे आली होती. तिला मी नाटकाची गोष्ट गाडीत सांगितली, दिव्याच्या सीनसकट, ती खिडकीतून बाहेर बघत ऐकत होती. लिहायच्या खोलीत ती टेबलाकडे बघत म्हणाली, "बाबा दिवे बंद करायचे ना, तू झोपल्यावर परत येऊन माझ्या टेबलावरचा लावून जायचे. मी बारावीला होते तेव्हा." मला हे माहीतच नव्हतं. एका घरात राहत होतो आम्ही. परत येताना मी तिला म्हटलं, मला अजून सांग, आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं, ती डब्लिनपर्यंत बोलत होती, घरी आल्यावर पार्किंगमधे गाडी बंद करून आम्ही अजून अर्धा तास बसलो.